पुलाखालून: शिरवळ ते सांगली, जुन्या रस्त्याच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. सातारा

वाईचा जुना कृष्णापूल पाडून तिथं नवा बांधला. जुना ब्रिटिश काळातला, दगडी. आजोळ वाईचं असल्यानं त्यावरून किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. पूल गेल्यावर घरातले सगळे अल्बम काढून बसलो, तेव्हा त्या पुलाचा एकच फोटो निघाला. मावशीच्या लग्नाच्या वरातीचा. मागं कठड्याचा हातभर तुकडा दिसतो, बस्स. कमानी किती होत्या, खांबाचं पाण्याकडचं टोक कसं होतं, दगड कसा घडवला होता, यातलं मला काही सांगता येत नाही. ते मनाला फार लागलं.

आज मामांशी बसून नक्की केलं. शिरवळच्या नीरेपासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत जुन्या रस्त्यानं जायचं, आपल्या गाडीनं, सुट्टीच्या दिवशी, तुकड्या-तुकड्यानं. वाटेत जो जुना पूल, जी जुनी मोरी उभी आहे, तिची नोंद करायची. वापरात असो वा नसो.

मामा एसटीत चालक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. हा रस्ता दुपदरी होता, दोन्ही बाजूंना वड होते, समोरून ट्रक आला की एक चाक साइडपट्टीवर उतरवावं लागायचं, तेव्हापासून त्यांच्या हाताखालचा. त्यांनी एकच अट घातली. "नुसतं फोटू काढून पळायचं आसंल तर मी येत न्हाई. हरेक पुलाच्या खाली उतरायचं. वरनं पूल दिसत नसतो."

अट मान्य.

२४ नोव्हेंबर, रविवार. घरी, नकाशा घेऊन

जेवणाच्या टेबलावर जिल्ह्याचा नकाशा पसरला. आधी नद्या निळ्या पेन्सिलीनं गिरवल्या, मग रस्ता लाल. एवढ्या वर्षांत जे लक्षात आलं नव्हतं ते दहा मिनिटांत आलं.

रस्ता उत्तरेकडून येतो. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. खंबाटकी चढून-उतरून सुरूरवरून भुईंजपाशी कृष्णा ओलांडतो, आणि तिथून पुढं कऱ्हाडपर्यंत कृष्णेच्या उजव्या अंगानंच चालतो. आता कृष्णेला सह्याद्रीकडून येऊन मिळणाऱ्या नद्या कुठल्या? वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना. चौघीही उजव्या काठानं मिळतात. म्हणजे उजवा काठ धरला की या चौघींना एकेक करून ओलांडणं आलंच. शिवाय मधले ओढे. रेल्वेनं डावा काठ धरला: वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर. म्हणून तर साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब माहुलीकडं पडलं आणि कऱ्हाडचं ओगलेवाडीला.

घाटमाथ्यावरचा पाऊस या नद्यांतून येतो. महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेच्या खोऱ्यात जे कोसळतं ते दुसऱ्या दिवशी या रस्त्याच्या खालून जातं. पूल नव्हते तेव्हा चार महिने नाव हाच रस्ता. उन्हाळ्यात बैलगाड्या उतारानं पात्रातून जायच्या. बऱ्याच ठिकाणी पुलाच्या वरच्या अंगाला ती उताराची जागा अजून ओळखता येते. काठ तिथं दोन्ही बाजूंनी खाली झुकलेला असतो.

रस्त्याचं नावही बदलत गेलं. जुन्या लोकांच्या तोंडी पुणे-बंगळूर रस्ता, मग राष्ट्रीय महामार्ग ४, आणि आता कागदावर ४८. मामांच्या तोंडी मात्र फक्त "हायवे".

आणखी एक हिशेब केला. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दोनशे मीटरचा पूल नऊ सेकंदांत संपतो. काँक्रीटचा कठडा उंच, त्यामुळं गाडीत बसलेल्याला पाणी दिसतही नाही.

८ डिसेंबर, रविवार. शिरवळ ते खंबाटकी

पहाटे साडेपाचला निघालो. गाडीत पन्नास फुटी टेप, दोन टॉर्च, जाड दोरी, वही, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. शिरवळपर्यंत बोगद्यातून जाऊन परत साताऱ्याकडं तोंड करून सुरुवात केली.

नीरेवर फार वेळ गेला नाही. धुकं इतकं होतं की समोरचा काठ दिसेना. परत यावं लागणार.

खंबाटकीत मात्र रेंगाळलो. आता घाटानं फक्त साताऱ्याकडं येणारी गाडी चढते आणि पुण्याकडं जाणारी बोगद्यातून जाते. नव्या बोगद्यांचंही काम चालू आहे. पूर्वी दोन्हीकडची वाहतूक याच एका घाटात असायची. खामजाईच्या देवळापाशी मामांनी गाडी कडेला घ्यायला लावली. तिथलं पाण्याचं टाकं त्यांना दाखवायचं होतं.

"हितं थांबल्याबिगर गाडी फुडं जात नव्हती," ते म्हणाले. "इंजनला पाणी, मानसाला पाणी, आन् देवीला नमस्कार. घाईतला डायवरसुद्धा चुकवायचा न्हाई."

मला त्यात जुन्या रस्त्याची सगळी रीत दिसते. चढाला गाडी तापते, म्हणून चढाच्या मध्यावर पाणी. पाणी आहे तिथं झाड, झाड आहे तिथं देऊळ, आणि देऊळ आहे तिथं चहा. रस्ता आखणाऱ्यानं ही थांबायची जागा हिशेबात धरली होती का, की आधी टाकं होतं म्हणून वाट तिथून गेली? पाण्याच्या बाजूनंच माझं मत पडतं. वाटा पाणी शोधत जातात.

घाटातल्या मोऱ्या पाहिल्या. मोरी म्हणजे रस्त्याच्या पोटातून ओहोळ पार करणारी छोटी वाट. वर डांबराचे थरावर थर चढलेले, संरक्षक भिंतीला सिमेंटचं ठिगळ, पण खाली वाकून पाहिलं की घडीव काळा दगड. एका मोरीत टाकीचे घाव इतके स्वच्छ होते की बोट फिरवल्यावर प्रत्येक ओळ हाताला लागत होती. घाव तिरके, सगळे एकाच बाजूला झुकलेले. मामांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "एकाच मानसाचा हात हाय ह्यो."

घाटात थांबायला जागा कमी, मागून ट्रक येत राहतात. तीन मोऱ्या करून खाली उतरलो.

९ डिसेंबर, सोमवार. रात्री

कालचे फोटो संगणकावर घेतले. एकशे चाळीस फोटो, आणि त्यातले कामाचे अकरा. बाकीच्यांत दगड केवढा हे कळत नाही, कारण शेजारी माप नाही. पाणी कुठून कुठं जातं हे कळत नाही. कुठली मोरी कुठली हेही दोन ठिकाणी कळत नाही. दिवस फुकट गेला असं म्हणणार नाही, पण नोंद झाली असंही म्हणता येत नाही.

म्हणून पद्धत ठरवली. वेळूची सहा फुटी काठी घेतली, दर अर्ध्या फुटाला लाल-पांढरा पट्टा रंगवला. ही काठी प्रत्येक फोटोत असेल. पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून उभं राहायचं, म्हणजे पाणी आपल्यापासून लांब जायला हवं. मग डाव्या हाताचा तो डावा काठ, उजव्या हाताचा उजवा. पाणी येतं ते वरचं अंग, जातं ते खालचं अंग. खांबांना आकडे पुण्याकडून द्यायचे. पहिला फोटो नेहमी वहीच्या पानाचा: जागा, तारीख, वेळ, कुठलं अंग. कमानीचा गाळा, म्हणजे दोन पायांमधलं अंतर, आणि उंची दोनदा मोजायची, एकदा मी, एकदा मामा, आणि आकडे जुळेपर्यंत पुढं जायचं नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार. लिंब आणि वर्ये

आज पुलाआधी विहीर. लिंबची बारा मोटेची विहीर जुन्या रस्त्यापासून आत आहे, पण ती टाळून पुढं जाणं मला पटेना. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. विहिरीत महाल आहे, जिना आहे, आणि कमानी आहेत.

कमान इथल्या गवंड्याला ठाऊक होती. पुढच्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी नकाशे काढले, पैसा मंजूर केला, देखरेख केली. पण दगड फोडणारे, घडवणारे, चुना मळणारे हात इथलेच. "ब्रिटिशकालीन" हा शब्द आपण जुन्या पुलाला सहज लावतो आणि त्या हातांचा उल्लेख राहून जातो. माझ्या वहीत मी काळ लिहीन, पण बांधणाऱ्यांच्या रकान्यात पाथरवट आणि गवंडी असंच लिहीन. त्यांची नावं कुठं कोरलेली नसतात.

परत येताना वर्येपाशी वेण्णा. आता वर कण्हेरचं धरण आहे, त्यामुळं पाणी बांधलेलं. पात्रात उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. ऊन पुलाखाली तिरकं आलं होतं, पाण्यावरून उसळलेला उजेड छताला हलत होता. भिंगऱ्यांची मातीची घरटी ओळीनं लटकलेली. मामा चप्पल हातात घेऊन पाण्यातून पलीकडं गेले आणि तिकडून ओरडून माप सांगू लागले.

कमान कशी उभी राहते हे त्यांनी विचारलं. तीस वर्षं ज्यांच्यावरून बस नेली, त्या कमानी कशानं उभ्या होत्या ते त्यांना समजून घ्यायचं होतं. मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून, कोपरं टेकू न देता, त्यांना वरून दाबायला सांगितलं. दाबल्यावर माझी कोपरं बाहेर सरकली. मग त्यांना माझी कोपरं धरायला सांगितली आणि चहावाल्या पोराला वरून दाबायला. बोटं हलली नाहीत. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमान वरच्या ओझ्याचा नुसता दाब करते आणि तो दोन्ही बाजूंना ढकलते. बाजूचे पाये पक्के तर कमान पक्की. मधल्या कळीच्या दगडाचं कौतुक सगळे करतात, पण सगळं ओझं शेवटी काठावरच्या त्या जाडजूड बांधकामात जिरतं, ज्याच्याकडं कुणी पाहत नाही.

"म्हंजी कोपरं सुटली की गेलं," मामा म्हणाले.

बरोबर. कोपरं सुटली की गेलं.

२६ जानेवारी, रविवार. माहुली

झेंडावंदन करून माहुलीला. हे गाव आपल्या रस्त्यावर नाही, कोरेगावच्या वाटेवर आहे, पण वेण्णा कृष्णेला मिळते ती जागा पाहिल्याशिवाय वेण्णेची नोंद पुरी होईना. क्षेत्र माहुली आणि संगम माहुली, मध्ये नदी. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. ताराबाई राणीसाहेबांची समाधी इथं आहे, आणि थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही.

घाटाच्या पायऱ्या आणि पुलाचे खांब यांतलं साम्य आज नीट दिसलं. दोन्ही बांधकामं पुराला अंगावर घेण्यासाठी केलेली. पायरी पाण्याला चढू देते. खांब पाण्याला चिरून दोन वाटा करून देतो. पाण्याला अडवायला गेलेलं बांधकाम मी इथं पाहिलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. नागठाणे, उंब्रज, कऱ्हाड

मोठा टप्पा. सगळीकडं सारखा वेळ देता आला नाही.

नागठाणे-अतीत-काशीळच्या पट्ट्यात उरमोडी. उसाच्या ट्रॉल्यांची रांग, धूळ, गळीत जोरात. फोटो घेतले, माप अर्धवट.

पुढं एका ठिकाणी रुंदीकरणाच्या कामावर राखणीला असलेल्या माणसानं हटकलं. फोटो काढायचे नाहीत, साहेब रागावतात. मी वही दाखवली, काठी दाखवली, मामांनी समजावलं. उपयोग झाला नाही. तिथली जुनी मोरी डोळ्यांदेखत भरावाखाली जाणार आहे. पाडू नका असं आमचं म्हणणं नव्हतंच. गाडी चालायला रुंद रस्ता हवा हे मलाही मान्य आहे. पाडण्याआधी अर्धा तास मोजू द्यावं एवढीच विनंती होती. ती जागा वहीत कोरी ठेवली आहे, फक्त ठिकाण लिहून.

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. तिथं भाकरी खाल्ली.

कऱ्हाडला कोयनेच्या जुन्या पुलापाशी पोचायला तीन वाजले. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी काठावरच आहे. वर कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण, त्यामुळं धरणातून पाणी सोडलं की इथं पात्र कसं फुगतं हे कऱ्हाडकरांना पाठ.

पुलाखाली उभं असताना मामा बराच वेळ गप्प होते. मग सावित्रीचा विषय त्यांनीच काढला. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, महाडजवळ मुंबई-गोवा रस्त्यावरचा सावित्रीचा पूल. १९२८ साली बांधलेला, दगडी कमानींचा. पुरात वाहून गेला, आणि अंधारात जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथं नवा पूल झाला. मामा तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

"डायवरची चूक न्हाई त्यात," ते म्हणाले. "लाइटीच्या उजेडात रस्ता दिसतो. रस्ता न्हाई हे दिसाया येळ लागतो. तवर गाडी गेलेली आसती."

मी वहीत त्या दिवशीपासून एक रकाना वाढवला आहे: पायाची स्थिती. जुना दगडी पूल सहसा वरच्या ओझ्यानं जात नाही. पाणी खांबाला वळसा घालताना बुडाशी भोवरा करतं आणि तळाची माती-वाळू उचलून नेतं. पात्रातली वाळू उपसली असेल तर तळ आधीच खाली गेलेला, पाया उघडा. त्यात दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजला की मूळ पाचरीसारखं आत शिरतं. जुन्या दगडांच्या दर्जा, म्हणजे सांध्यांतला भराव, मुळात चुन्याच्या. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा जाड थर मारला की आतली ओल अडकते आणि आतला चुना पिठासारखा होतो. बाहेरून पूल नवा दिसतो. म्हणून पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटायला हवं, आणि दर्जा चुन्यानंच भरायला हव्यात. हे दोन्ही उपाय फार खर्चाचे नाहीत.

मी जुना पूल प्रेमानं पाहतो, पण प्रेमापायी त्यावरून बस जावी असं म्हणणार नाही. ज्या पुलाचा पाया कुणी पाण्याखाली उतरून तपासलेला नाही, त्यावरून पुरात एकही गाडी सोडू नये. माणसं चालतील, सायकली जातील, संध्याकाळी म्हातारी मंडळी कठड्यावर बसतील. पूल जिवंत ठेवायला तेवढं पुरतं.

२३ मार्च, रविवार. पेठ नाका ते सांगली

कऱ्हाडहून निघून मलकापूर, कासेगाव, नेर्ले करत पेठ नाका. हायवे इथून सरळ वारणेकडं जातो, आम्ही डावीकडं वळलो. इस्लामपूर, आष्टा, तुंग, कसबे डिग्रज. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला आणि १९६० साली सांगली हे नाव मिळालेला जिल्हा. मामांच्या वडिलांच्या जन्माच्या दाखल्यावर वाळवा तालुका, जिल्हा सातारा असं आहे.

सांगलीवाडीत गाडी लावून आयर्विन पुलावर चालत गेलो. सांगली संस्थानच्या काळातला, चिंतामणराव पटवर्धनांच्या कारकिर्दीतला. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला, म्हणून हे नाव. सावित्रीच्या पुलापेक्षा जेमतेम वर्षभरानं धाकटा. अवजड वाहनांना आता बंदी आहे.

आजवर पाहिलेल्या सगळ्या पुलांत हा वेगळा, कारण याच्याशी गावाचा रोजचा व्यवहार चालू आहे. पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न "आयर्विनला किती?" असा असतो. पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवल्या आहेत. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर. कुठलं पाणी कुठल्या गल्लीत कुठल्या आकड्याला शिरतं हे इथल्या माणसाला कॅलेंडरमधल्या सणांसारखं पाठ असतं: एवढ्याला दत्तनगर, एवढ्याला मारुती चौक, एवढ्याला सामान माडीवर.

पुलाखाली, सांगलीवाडीच्या बाजूला, एक आजी शेणी थापत होत्या. आमची काठी पाहून त्यांना वाटलं आम्ही पाणी मोजणारे सरकारी लोक. नाही म्हटलं. तरी त्यांनी काठी हातात घेतली, भिंतीला टेकवली आणि आपल्या डोक्याच्या वर हात नेऊन पंजा टेकवला.

"इथवर होतं," त्या म्हणाल्या. "२०१९ ला. आणि २००५ ला हिथं." दुसरा हात खांद्यापाशी.

मी दोन्ही जागा मोजल्या. तळापासून पंजा साडेसहा फूट, खांदा चार फूट दोन इंच. सरकारी आकडा खांबावर आहे. हा आकडा त्या भिंतीपुरता, त्यांच्या अंगणातल्या जमिनीपासूनचा. वहीत दोन्ही शेजारी-शेजारी लिहिले. आजींनी विचारलं, हे कशाला लिहिता? मामांनीच उत्तर दिलं. "आजी, भिंत पडली तर हात कुठं टेकवणार?"

त्यांनी चहा केला. घेतल्याशिवाय सोडलं नाही.

२७ एप्रिल, रविवार. उंब्रजच्या अलीकडे

रस्ता चौपदरी करताना वळणं सरळ केली, तेव्हा जुन्या रस्त्याचे तुकडे बाजूला पडले. तसा एक तुकडा मामांना आठवत होता. हायवे सोडून शेताच्या बांधानं गाडी घातली, पुढं चाक रुतायला लागलं म्हणून लावून चालत गेलो. साधारण दोनशे पावलांचा तुकडा. डांबर उखडून खालची खडी दिसते. तीन वड उभे आहेत, एकाच्या बुंध्याला गेरू-चुन्याच्या पट्ट्याचा अंश. आणि मधोमध ओढ्यावर एका कमानीची मोरी. वरून आता फक्त बैलगाडी आणि शाळेतली पोरं जातात.

दिवसभर तिथंच होतो. वाहतूक नाही, हटकणारं कुणी नाही. गाळा नऊ फूट चार इंच, दोनदा मोजला, जुळला. कमानीत एकवीस दगड. मामांनी खडूनं आकडे टाकत मोजले. अकरावा कळीचा. तो बाकीच्यांपेक्षा बोटभर बाहेर काढलेला, आणि त्याच्या तोंडावर काही नाही, साल नाही, नाव नाही, नुसते टाकीचे घाव. वरच्या अंगाला ओढ्याचं पाणी गाळ्यात नीट वळावं म्हणून दोन्ही बाजूंना दगडी भिंती पंख्यासारख्या उघडलेल्या. खालच्या अंगाला फरशी, पाणी पडून खड्डा होऊ नये म्हणून. एवढ्याशा ओढ्यासाठी एवढा विचार.

दर्जेतला चुना नखानं निघतो का पाहिलं. निघाला नाही. चुना हवेतला वायू घेत घेत पुन्हा दगड होत जातो, त्याला वर्षं लागतात. याला मिळाली आहेत.

उजव्या पंख्यात पिंपळ. करंगळीएवढा. मामांनी मुळासकट काढला, जागा साफ केली आणि रोप ओढ्यापासून लांब बांधावर नेऊन लावलं. पिंपळ फेकवेना त्यांच्यानं.

निघताना मी कमानीच्या आत, तळापासून चार फुटांवर, खडूनं आडवी रेघ मारली.

२५ मे, रविवार. सातारा-उंब्रज

पाऊस लवकर आला. मे महिन्यात असा पाऊस मामांनाही आठवत नाही. शेतात पाणी, उन्हाळी भुईमूग पाण्यात. सकाळी मामांचा फोन: "चल, मोरी बघू."

वर्येला थांबून वेण्णा पाहिली, गढूळ. हायवेवर पाणीच पाणी, वायपर पुरेनात. बांधानं गाडी नेणं शक्यच नव्हतं. हायवेच्या सेवा रस्त्याला लावून छत्री घेऊन चिखलातून गेलो.

ओढा भरून चालला होता. पंख्यांच्या भिंती पाणी जवळ घेत होत्या, गाळ्याच्या तोंडाशी पाणी थोडं उंचावत होतं आणि एकसंध होऊन आत जात होतं. खालच्या अंगाला फरशीवर पडून, फेस होऊन, शांत होऊन पुढं. वरती आम्ही उभे होतो त्या रस्त्याला कंप नव्हता. मी कठड्यावर पालथा पडून टॉर्च आत मारली. मामांनी पाय धरले.

खडूची रेघ अजून कोरडी होती. पाणी तिच्या खाली साधारण नऊ इंच. वेळ ११:४०. पुढच्या वीस मिनिटांत दोन इंच वाढलं, मग थांबलं.

मामांनी वही छत्रीखाली धरली, मी लिहिलं. पावसाळा संपला की नीरेवर परत जायचं आहे, आणि उरमोडीचं माप पुरं करायचं आहे.